किरकोळ दुखापत, पुरता हक्क

(उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं मुद्रित रूप)



रस्त्यात गाडीचा धक्का लागून कुणी पडलं आणि उठून उभं राहिलं, की जमलेली गर्दी एकच सल्ला देते : ‘जाऊ द्या, मिटवून टाका.’ गाडीवाला हजार-दोन हजार पुढे करतो आणि प्रकरण तिथंच संपतं. मोठा अपघात झाला तर पोलीस, वकील, नातलग सगळे धावून येतात. ज्याचं फक्त गुडघ्यावर निभावलं, तो मात्र एकटा पडतो. मी मोटार अपघाताचे दावे चालवणारा वकील आहे आणि आज या एकट्या माणसाविषयी बोलणार आहे. माझं सांगणं थोडक्यात असं : तडजोड जरूर करा, पण दुखणं पुरतं कळल्याशिवाय आणि आकडा कागदावर मांडल्याशिवाय सही करू नका.

पहिला प्रश्न, किरकोळ म्हणजे काय? ते रस्त्यावर ठरत नाही. कायद्यात ‘गंभीर दुखापत’ या शब्दांना ठरलेला अर्थ आहे. हाड मोडलं किंवा निखळलं, दात तुटला, चेहऱ्यावर कायमचा व्रण राहिला, तर ती गंभीर दुखापत. भारतीय न्याय संहितेप्रमाणे 15 दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा नेहमीची कामं करता आली नाहीत, तरीही गंभीर. जुन्या दंड संहितेत हीच मुदत 20 दिवसांची होती. म्हणजे करंगळीचं हाड मोडलं, तर घरचे त्याला ‘थोडक्यात वाचला’ म्हणतील, कायदा तसं म्हणत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये भरपाई आहे आणि त्यासाठी समोरच्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. मात्र ती रक्कम स्वीकारली, की कलम 166 खालचा आपला मोठा दावा संपतो. कोणती वाट धरायची, हे एक्स-रे आणि डॉक्टरांचा सल्ला हातात आल्यावरच ठरवावं. सूज आहे, बघू दोन दिवसांनी, असं म्हणत घरी बसू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि अपघाताची नोंद, म्हणजे एमएलसी, करून घ्या. दहा दिवसांनी केलेल्या एक्स-रेबद्दल विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न विचारतो : ‘मधल्या काळात दुसरीकडे कुठे पडला नव्हता कशावरून?’

दुसरी गोष्ट पोलिसांची. अनेकांना पोलीस ठाण्याची पायरी नको असते. पण 2022 पासून लागू असलेल्या नियमांनी पोलिसांवरच मोठी जबाबदारी टाकली आहे. अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत मोटार अपघात दावे न्यायाधिकरणाकडे गेला पाहिजे. जखमी माणसाला त्याचे हक्क सांगणारा छापील नमुना देणंही पोलिसांच्या कामात येतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये हे नियम काटेकोर पाळण्याचे निर्देश दिले. तेव्हा पोलीस ठाण्यात गेलात, तर तो फॉर्म मागून घ्या. गाडीचा नंबर, विमा पॉलिसी, चालकाचा परवाना, पंचनामा यांच्या प्रती मिळवा. दावा स्वतः दाखल करायचा असेल, तर कायद्याने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं असलं, तरी आपण सहा महिने धरूनच चालावं. दावा आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही लावता येतो. द्रुतगती मार्गावर जखमी झालेल्या रत्नागिरीच्या माणसाला त्यासाठी पुण्याच्या खेपा घालाव्या लागत नाहीत.

आता आकड्याकडे येऊ. तडजोडीची खरी ताकद इथं आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात जखमी माणसाच्या भरपाईची शीर्षकं नीट मांडून दिली. साध्या दुखापतीत मुख्यतः तीन शीर्षकं येतात : उपचाराचा खर्च, उपचाराच्या काळात बुडालेली कमाई, आणि वेदना व त्रास. पहिल्या शीर्षकात औषधांबरोबर येण्याजाण्याचा खर्च आणि पौष्टिक आहारही धरला जातो.

एक उदाहरण मांडतो. समजा, भाजी विकणारी एक बाई. मागे येणाऱ्या कारचा धक्का लागला, गुडघा मुरगळला, 12 दिवस धंदा बंद. दवाखाना आणि औषधं 8,600 रुपये. फिजिओथेरपीच्या 8 खेपा, प्रत्येकी 400, म्हणजे 3,200. जाऊन-येऊन रिक्षाचे 120 प्रमाणे 960. दिवसाची निव्वळ कमाई 600, तर 12 दिवसांचे 7,200. मुलीने सांभाळायला चार दिवस खाडे केले, रोजचे 500 म्हणजे 2,000. बेरीज 21,960. यात वेदनेची रक्कम अजून धरलेलीच नाही. विमा कंपनीचा माणूस मात्र समोर येऊन म्हणतो, ‘औषधांची बिलं बघून नऊ हजार देतो, आजच सही करा.’ बाईजवळ हा हिशेब लिहिलेला नसेल, तर नऊ हजार मोठे वाटतात. लिहिलेला असेल, तर बोलणं पंचवीस-तीस हजारांच्या आसपास सुरू होतं.

कमाईचा पुरावा कुठून आणायचा, असं विचाराल. मंडईतल्या अडत्याच्या पट्ट्या, बचत गटाचं पासबुक, मालकाचं पत्र, शेजारच्या गाळेवाल्याची साक्ष, जे आहे ते जमा करा. या दाव्यांत फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही. शक्यतेचं पारडं कुठं झुकतं, हे बघितलं जातं. गृहिणीच्या कामालाही पैशात मोल आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत मान्य केलंय. ‘तुमची कमाई काय, तुम्ही घरीच असता’ असं कुणी म्हणालं, तर गप्प बसू नका.

आणखी एक शंका नेहमी येते : माझ्या मेडिक्लेमने बिल भरलं, मग आता काय मागायचं? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने मार्च 2025 मध्ये स्पष्ट केलं, की मेडिक्लेमची रक्कम अपघात भरपाईतून वजा होत नाही. हप्ता तुम्ही भरलात. त्याचा फायदा धक्का देणाऱ्याच्या विमा कंपनीला मिळायचं कारण नाही.

आता प्रत्यक्ष बोलणी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 149 प्रमाणे विमा कंपनीने दावे मिटवण्यासाठी अधिकारी नेमायचा असतो. त्याने 30 दिवसांत न्यायाधिकरणापुढे प्रस्ताव ठेवायचा असतो. तुम्ही मान्य केलात, तर न्यायाधिकरण तडजोड नोंदवतं आणि पैसे 30 दिवसांच्या आत द्यावे लागतात. मान्य नसेल, तर दावा गुणदोषांवर चालतो. म्हणजे नाही म्हणण्यात तुमचं काही बुडत नाही. प्रस्ताव लेखी मागा आणि कोणत्या शीर्षकाखाली किती रक्कम धरली, हे विचारा. एकगठ्ठा आकडा ऐकून मान डोलावू नका. ‘चूक तुमचीही होती’ असं कंपनी म्हणाली, तर किती टक्के आणि कशावरून, ते विचारा. पंचनाम्यातला नकाशा तिथं उपयोगी पडतो.

सर्वात जास्त जपायचं ते सहीच्या वेळी. ‘संपूर्ण व अंतिम समझोता’ असा मजकूर असलेल्या व्हाउचरवर सही झाली, की पुढे गुडघ्याचं दुखणं वाढलं तरी पुन्हा मागणं फार अवघड होतं. मजकूर समजत नसेल, तर घरी नेऊन वाचून घेईन, असं सांगायचा पूर्ण अधिकार तुम्हाला आहे. लोकअदालतीतही हीच काळजी घ्या. लोकअदालत ही गरिबासाठी चांगली सोय आहे, मी स्वतः तिथं दावे मिटवतो. पण तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून तिथं जाताना कमीत कमी किती घ्यायचे, ते घरून ठरवून जा.

वकिलाबद्दलही स्पष्ट बोलतो. ‘मिळतील त्यात तीस टक्के माझे’ असा करार करणं वकिलांच्या आचारनियमांत बसत नाही. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. त्याचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं.

श्रोतेहो, कुणाला गैरफायदा घ्यायला शिकवण्यासाठी मी हे बोललो नाही. खोटी बिलं जोडणारा माणूस खऱ्या जखमीचंच नुकसान करतो. त्याच्यामुळे पुढच्या दहा खऱ्या कागदांवर संशय येतो. पण थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा केला, तो अशाच माणसांसाठी. प्रत्येक गाडीमालकाला त्याचा हप्ता भरावा लागतो. त्यातून मिळणारे पैसे हे कुणाचे उपकार नव्हेत. हातावर पोट असलेल्या घरात 12 दिवसांची कमाई बुडणं म्हणजे महिन्याचा किराणा उधारीवर येणं, याला मी किरकोळ म्हणायला तयार नाही. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या ताई, सोसायटीचे वॉचमन, रोजचे रिक्षावाले, यांच्यापैकी कुणाला धक्का लागला, तर ‘जाऊ द्या’ म्हणणाऱ्या गर्दीत उभे राहू नका. त्यांच्याबरोबर दवाखान्यात जा, एमएलसी करून घ्या, पावत्या एका पिशवीत ठेवायला सांगा आणि सहीच्या दिवशी त्यांच्या शेजारी बसा. वकील नसलेला शिकलेला शेजारीही एवढं नक्की करू शकतो.