जू आणि दस्ता

श्रोतेहो, मी गडमुडशिंगीचा सुतार. उजळाईवाडीचा विमानतळ आमच्या गावाला लागूनच. विमान खाली यायला लागलं की मी हातातली पटाशी थांबवतो. भीती नाही, सवय. मला रेडिओवर बोलायला दहा मिनिटं मिळालीत आणि विषय दिलाय, 'एअर रायफलचा लाकडी दस्ता'. विषय लाकडाचा आहे खरा, पण मी आज बोलणार पोराच्या अंगाबद्दल. खांदा, मान, गाल, कोपर. लाकडाचं वेळ उरला तर शेवटी.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ला पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ब्राँझ घेतलं. आपल्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत तर २०१० सालीच म्युनिकला जगज्जेती झाली होती. दोघांची ती पदकं पन्नास मीटरची, पॉइंट टू-टू रायफलची. पण आपल्याकडं पोराच्या हातात पहिली येते ती दहा मीटरची एअर रायफल, साडेचार मिलिमीटरच्या छऱ्याची. पॅरिसनंतर माझ्याकडं माणसं यायला लागली. "मामा, ह्या बंदुकीला दस्ता करून द्या. शिसवीचा पाहिजे. पॉलिश असं मारा की तोंड दिसलं पाहिजे." बंदूक आणलेली असते. पोरगं आणलेलं नसतं.

माझे वडील औतं करायचे. नांगर, कुळव, जू. कुणी नवं जू सांगायला आला की त्यांचा पहिला प्रश्न, "बैल कुठाय?" तो म्हणायचा, बैल घरी आहे, तुम्ही आपलं नेहमीसारखं करा. वडील म्हणायचे, नेहमीसारखा बैल घेऊन ये, मग करतो. सुतळीनं मान मोजायचे, खांद्यावर तळहात फिरवून बघायचे, मगच बाभळीला वाकस लागायचा. शिवळांची भोकं कुठं पाडायची तेही बैल बघूनच. जू चुकलं की काय होतं, हे शेतकऱ्याला मी सांगायला नको. खांदा सुजतो, बैल मान चोरतो, तास वाकडं जातं. आणि मग मार कुणाला? बैलाला. म्हणतात, बैल चुकार निघाला.

मंडळी, पोरांचं हेच चाललंय. "आमचा मन लावत नाही हो, गोळ्या पसरतात." अहो, पसरणारच! बाजारच्या दस्त्याचं माप मोठ्या माणसाचं. घोड्यापासून मागच्या टोकापर्यंत साधारण साडेतेरा-चौदा इंच. ते तुम्ही सातवीतल्या पोराच्या खांद्याला लावलंत. हात ताणला जातो, अंग मागं रेलतं, मान पुढं येते. दहा मीटरच्या निशाण्यावरचा दहाचा ठिपका केवढा असतो? अर्धा मिलिमीटर. खसखशीहून बारीक. उभं राहून, बाहेरच्या कशालाही न टेकता, पंचाहत्तर मिनिटांत साठ गोळ्या त्या ठिपक्यावर मारायच्या. त्यात मान अवघडलेली.

मागं एक मुलगी आली होती, आठवीतली. वडिलांनी बंदूक पुढं केली. मी म्हटलं, ती ठेवा बाजूला. ये गं, उभी राहा. बंदूक रिकामी आहे हे आधी बघून घेतलं आणि म्हटलं, डोळे मीट, बंदूक खांद्याला लाव, बरं वाटेल तशी धर. आता उघड डोळे. काय दिसतं? म्हणाली, "काहीच नाही, नुसतं लोखंड दिसतंय." म्हणजे तिचा डोळा आणि साइटचं भोक एका रेषेत नव्हतंच. गाल टेकायला जागा नव्हती, म्हणून दर गोळीला तिचा गाल वेगळ्या जागी बसायचा. मी लाकडाच्या चिपा घेतल्या आणि चिकटपट्टीनं दस्त्यावर एकावर एक लावत गेलो. तिसऱ्या चिपेला ती म्हणाली, "मामा, दिसली! नळीच्या टोकावरची माशी मधोमध दिसली." पाऊण इंच. पाऊण इंचासाठी ती पोर दीड वर्ष बोलणी खात होती.

पुन्हा सांगतो, कारण आत्ता कुणी चहा घ्यायला उठलं असेल. मान वाकवून डोळा बंदुकीकडं न्यायचा नाही. मान सरळ राहू दे, बंदूक डोळ्याकडं आली पाहिजे. तेवढी गालाची जागा उचलायची. आणि डाव्या हाताचं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं ना, तिथून बंदुकीपर्यंतची उंची दर पोराची वेगळी. लांब मानेच्या पोराला दस्त्याखाली ठोकळा जास्त लागतो, आखूड मानेच्याला कमी. लांबीचं ढोबळ माप घरीच घ्या. हात कोपरात काटकोनात वाकवा, कोपराच्या खळग्यापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत मोजा. आलेल्या मापाला थोडं कमीच कापा, पोर वाढत जाईल तशा मागं पट्ट्या घालता येतात. हल्लीच्या परदेशी बंदुकांना ॲल्युमिनियमचा दस्ता येतो, सगळीकडं स्क्रू, पाहिजे तसा फिरवा. चांगली सोय आहे. पण त्याची किंमत लाखांत, आणि तो फिरवायचा तरी पोराच्या अंगाकडं बघूनच की!

बेंदराच्या आदल्या दिवशी आपण बैलांची खांदेमळण करतो. हळद, लोणी लावून खांदा चोळतो. वर्षभर त्या खांद्यावर लाकूड ठेवलं, म्हणून. पोरांची खांदेमळण कशानं होते? बामानं. रोज रात्री. बाम लागतोय म्हटल्यावर दस्ता चुकलाय हे ओळखायला नको का?

आता लाकडाचं, घाईनं. वजनाची मर्यादा साडेपाच किलो, बंदूक आणि दस्ता धरून. शिसवी देखणी, पण जड. कोवळ्या पोराला शिवण बरी, हलकी आणि न वाकणारी. नाहीतर जुन्या वाड्याच्या तुळईचं सागवान घ्या, पन्नास-पन्नास वर्षं वाळलेलं असतं, फक्त करवत घालायच्या आधी खिळे शोधा. ओलं लाकूड नको. माझा पहिला दस्ता मी आषाढात केला, वखारीतून आणलेल्या ताज्या फळीचा. आठ दिवसांत करून दिला म्हणून फुशारकी मारली. दिवाळीला तो पीळ देऊन वाकडा. इंचभर जाडीला साधारण वर्षभर सावलीत वाळवण, आणि दस्त्याला दोन-अडीच इंच जाडी लागते. आता करा हिशोब. रेषा बघा, मुठीपाशी दस्ता बारीक होतो तिथं रेषा उभीच गेली पाहिजे. आडवी गेली की एक दिवस मटकन मोडणार.

आणि खाच. बंदुकीचं लोखंड लाकडात बसतं ती खाच म्हणजे ह्या कामाचा जीव. दिव्याची काजळी थेंबभर तेलात कालवायची, लोखंडाला बोटानं पुसायची, लोखंड खाचेत अलगद दाबून सरळ वर उचलायचं. लाकडावर जिथं काळं उमटलं तिथं लागतंय. तेवढंच खरवडायचं, कागदाएवढं. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. शंभरदा करावं लागतं. सगळीकडं सारखं काळं उमटलं की बसलं. स्प्रिंगची बंदूक धक्का दोनदा देते, आधी मागं, मग पुढं. खाच ढिली असली की चार दिवसांत स्क्रू हलायला लागतात.

एक राहिलंच, आणि खरं तर ते आधी सांगायला पाहिजे होतं. काही पोरं उजव्या हाताची असतात, पण त्यांचा नेमाचा डोळा डावा असतो. बोटांची कडी करून लांबचा दिवा बघायला सांगा, मग एकेक डोळा मिटायला सांगा. ज्या डोळ्यानं दिवा कडीत राहतो, तो नेमाचा. अशा पोराला उजवा दस्ता दिलात तर... हो, हो, काचेपलीकडून हात दाखवताहेत. डाव्या दस्त्याचं पुन्हा कधीतरी. आणि ती काजळी दिव्याचीच घ्या हां, पोरींच्या डबीतलं काजळ संपवू नका.