शाळेचे अंगण आणि मुलांच्या हातचे फूल

(तालुका शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजच्या परिषदेत शालेय फुलबागेविषयी मी बोलावे असे मला सुचविण्यात आले, तेव्हा प्रथम माझ्या मनात थोडा संकोच उत्पन्न झाला. जेथे दोन शिक्षकांवर चार इयत्तांचा भार आहे, जेथे वाचन आणि भागाकार यांचीच काळजी रात्रंदिवस लागून राहिलेली आहे, तेथे फुलांची गोष्ट काढणे म्हणजे उपाशी माणसाला अत्तर लावण्यासारखे होईल की काय, अशी शंका मला आली. परंतु विचारान्ती माझी खात्री झाली की, आपली जी मुख्य चिंता आहे तिच्याशीच या विषयाचा निकट संबंध आहे. तो कसा, हे सांगण्यापूर्वी माझ्या हातून घडलेली एक चूक आपणांपुढे मांडते.

काही वर्षांपूर्वी मी एका शाळेच्या तपासणीस गेले होते. प्रवेशद्वाराच्या दोन्ही अंगांस शेवंतीच्या व झेंडूच्या कुंड्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि त्यांना गेरूचा हात दिलेला होता. मी प्रसन्न झाले व शेरेबुकात ‘शालेय उद्यान उत्तम’ असा शेरा लिहिला. महिन्याभराने त्याच वाटेने अन्य कामासाठी जाताना मी सहज थांबले, तो कुंड्यांचा मागमूसही नव्हता. चौथीतल्या एका मुलीस मी विचारले, “बाळ, इथली झाडं कुठं गेली?” ती म्हणाली, “बाई, ती आमची नव्हती. आम्हांला हातसुद्धा लावायचा नव्हता.”

त्या शिक्षकांस मी दोष देत नाही. दोष माझा होता. जे तपासले जाते तेच शाळेत वाढते, असा अनुभव आहे. आणि मी कुंड्या तपासल्या होत्या, मुले तपासली नव्हती. ज्या बागेला मुलाचा हात लागत नाही ती बाग शाळेची शोभा असेल, पण ती शिक्षणाचे साधन नव्हे. आजचे माझे सारे सांगणे या एका वाक्यात सामावलेले आहे.

हा विचार काही नवा नाही. फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने 1840 साली आपल्या बालशाळेला जे नाव दिले त्याचा अर्थच मुळी ‘मुलांची बाग’ असा आहे. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पुढे 1957 साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. परदेशी पद्धतीची महागडी साधने खेड्यापाड्यांतील मुलांसाठी आणणे शक्य नाही, हे ओळखून या दोघींनी पाने, फुले, बिया, शंख-शिंपले यांनाच शैक्षणिक साधनांचे स्थान दिले. आणि आपल्या सर्वांच्या आद्य शिक्षिका सावित्रीबाई फुले यांचे स्मरण कसे टाळता येईल? ज्यांनी 1848 साली पुण्यात मुलींच्या शाळेत शिकविण्यास प्रारंभ केला, त्यांच्या 1854 सालच्या कवितासंग्रहाचे नाव ‘काव्यफुले’ असे आहे, आणि जाई, गुलाब, पिवळा चाफा हे त्यातील कवितांचे विषय आहेत. अंगणातले फूल हा लेखनाचा विषय होऊ शकतो, हे त्या काळीच त्यांनी दाखवून दिलेले आहे.

आता प्रत्यक्ष कार्याकडे वळू. आपल्या शाळांना पाणी थोडे, कुंपण मोडके आणि उन्हाळ्याची सुट्टी दीर्घ. म्हणून रोपवाटिकेतून नाजूक रोपे आणण्याच्या खटाटोपात पडू नये. जी झाडे गावात बियांनी किंवा फांदीने फुकट मिळतात, तीच घ्यावीत. मी येथे केवळ चार झाडे सुचविते.

पहिले झाड गुलबक्षीचे. काही गावांत हिला गुलबास म्हणतात. हिची काळी, सुरकुतलेली बी मिऱ्यासारखी दिसते. जूनमध्ये शाळा उघडताच पेरली तर पावसाळा संपण्यापूर्वी झाड फुलावर येते. हिची फुले दुपार कलल्यावर, चार-पाचच्या सुमारास उमलतात, म्हणजे नेमकी शाळा सुटण्याच्या वेळी. रोज फूल किती वाजता उघडले, आभाळ होते की ऊन होते, याची नोंद एका मुलाने ठेवावी. पंधरा दिवसांत तक्ता तयार होतो, आणि निरीक्षण म्हणजे काय ते वेगळे शिकवावे लागत नाही. ज्यास आपण गुलबक्षीच्या पाकळ्या म्हणतो त्या वस्तुतः पाकळ्या नसून रंगीत निदलपुंज आहे, हेही वरच्या वर्गातील मुलांस दाखविता येईल. याच झाडाच्या तांबड्या व पांढऱ्या जातींच्या संकरातून गुलाबी फुले येतात, हे दाखविणारे कार्ल कोरेन्स हे 1900 साली मेंडेलचे विस्मृतीत गेलेले नियम पुन्हा उजेडात आणणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी एक होत. आणि तो मेंडेल कोण? मठाच्या बागेत वाटाणा लावणारा, मुलांना शिकविणारा, परंतु शिक्षकाच्या पात्रता परीक्षेत यश न लाभलेला एक साधा माणूस. जांभळ्या आणि पांढऱ्या फुलांची रोपे त्याने वर्षानुवर्षे मोजली, आणि 1866 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधावर पुढे आनुवंशशास्त्र उभे राहिले. मोजणे ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे, हे मुलांना सांगण्यास याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

दुसरे झाड झेंडूचे. कोणी यास गोंडा म्हणतात. गतवर्षीच्या तोरणातील वाळलेले फूल चुरगाळले की बी हाती येते. जूनच्या अखेरीस वाफ्यात टाकलेल्या बियांची रोपे तीन-चार आठवड्यांत लावणीस येतात आणि दसऱ्यापर्यंत फुले मिळतात. झेंडूचे एक फूल म्हणजे शेकडो लहान फुलांचा गुच्छ आहे, प्रत्येक ‘पाकळी’ हे एक स्वतंत्र फूल आहे, हे मुलांना कागदावर सुटे करून पाहू द्यावे. एका फुलात बिया किती, एका झाडावर फुले किती, तर एका झाडापासून बिया किती, हा गुणाकार फळ्यावरच्या गुणाकाराहून निराळा वाटतो, कारण त्याचे उत्तर मुठीत धरता येते. आणि ज्याच्यावाचून आपला दसरा होत नाही, तो झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, समुद्रापलीकडून आलेला आहे, ही गोष्ट इतिहास-भूगोलाच्या तासाला अवश्य सांगावी.

तिसरे झाड तेरड्याचे. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण मुलांनी ऐकलेली असते; ती खरी की खोटी, हे एका फुलाला दोरा बांधून त्यांनी स्वतः ठरवावे. भाषेचा पाठ आणि शास्त्राचा पाठ येथे एकच होतो. तेरड्याचे पिकलेले बोंड स्पर्श होताच फुटते व बिया दूर उडतात. त्या किती दूर गेल्या ते फूटपट्टीने मोजण्यास सांगितले तर वर्गातील अतिशय चंचल मूलही अर्धा तास शांतपणे काम करते, असे मी पाहिले आहे.

चौथे झाड जास्वंदीचे. हिला बी शोधावयास नको. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीची वीतभर फांदी लावली की ती मूळ धरते. एकेरी जास्वंदीच्या पाच पाकळ्या, एका नळीत जुळलेले पुंकेसर आणि टोकाशी पाच लहान गोंडे इतके ठळक असतात की फुलाच्या भागांचे चित्र पुस्तकातून उतरविण्याचे कारण राहत नाही. हिच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून काढलेला रंग लिंबाच्या रसात गडद गुलाबी आणि साबणाच्या पाण्यात हिरवट होतो. त्या पाण्यात कागदाच्या पट्ट्या बुडवून वाळविल्या की आम्ल व आम्लारी ओळखण्याचे साधन विनामूल्य तयार होते.

येथवर ज्ञानाचा विचार झाला. हस्तकौशल्याचाही विचार करावयास हवा, कारण फुलाने मुलाच्या हातास काम दिले पाहिजे. झेंडूच्या पाकळ्या उकळून त्या पाण्यात तुरटी दिलेले सुती फडके भिजविले की ते पिवळे होते. पारिजातकाचे केशरी देठ आणि पळसाची फुले यांचाही रंग निघतो. रंगपंचमीला बाजारच्या रंगाचा एक पुडा कमी लागला, तरी तो लाभच. पानाला रंग लावून उठविलेले ठसे, गळलेल्या पाकळ्यांची रांगोळी, रद्दीत दाबून वाळविलेल्या फुलांची शुभेच्छापत्रे, हे सर्व बिनखर्चाचे आहे. परंतु एक नियम पाळावा. प्रथम निरीक्षण, मग चित्र, आणि मग शोभेचे काम. फुलाकडे नीट न पाहता केलेली सजावट पुन्हा त्या कुंड्यांच्याच वाटेने जाते.

लेखनाचेही तसेच आहे. ‘माझे आवडते फूल’ या विषयावर निबंध सांगितला की चाळीस मुले गुलाबच लिहितात, आणि तोही फुलांचा राजा असतो. त्याऐवजी, ‘काल संध्याकाळपासून आज सकाळपर्यंत तुझ्या झाडात काय बदल झाला, तो तीन वाक्यांत लिही,’ असे सांगून पाहावे. ही तीन वाक्ये दुसऱ्याच्या वहीतून उतरविता येत नाहीत.

काही सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. कण्हेर व धोत्रा या विषारी वनस्पती आहेत आणि रुईचा चीक डोळ्यांस अपायकारक आहे. लहान मुलांच्या वावरात त्या लावू नयेत. गुलबक्षीचे बी तोंडात घालावयाचे नाही, हे पहिल्याच दिवशी बजावावे. सदाफुलीपासून रक्ताच्या कर्करोगावरील औषध काढले जाते, ही गोष्ट मुलांस जरूर सांगावी. पण त्याचबरोबर तिचे पान चघळणे धोक्याचे आहे, हेही सांगावे. कुंडीखाली पाणी साचू देऊ नये, कारण त्यात डास वाढतात. पोषण आहारापूर्वी हात धुतलेले पाणी एका चरीने वाफ्यात वळविले, तर पाण्याची वेगळी तरतूद बहुधा लागत नाही.

आता ज्यासाठी मी हा विषय स्वीकारला, ती गोष्ट सांगते. आपल्या भागातील कित्येक मुले दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. आपण मात्र बागेचे कार्यक्रम बहुधा जानेवारीच्या स्नेहसंमेलनास डोळ्यांपुढे ठेवून आखतो. म्हणजे ज्या मुलाने खड्डा खणला, ते फुलाच्या वेळी शाळेत नसते. मी सुचविलेली गुलबक्षी, झेंडू व तेरडा ही झाडे जून ते दिवाळी एवढ्या काळात बीपासून फुलापर्यंत आणि फुलापासून पुन्हा बीपर्यंत पोचतात. जाणाऱ्या मुलालाही आपल्या झाडाचे पूर्ण आयुष्य पाहता यावे, म्हणून मी ती निवडली आहेत.

एका द्विशिक्षकी शाळेतील गुरुजींनी हे केले. प्रत्येक मुलास गुलबक्षीचे एक झाड नेमून दिले. त्यांच्या वर्गात तिसरीतील एक मुलगा होता. तो लिहावयाचे म्हटले की पाटीकडे पाहत गप्प बसे. ऑक्टोबरात त्याचे कुटुंब निघाले, तेव्हा गुरुजींनी त्याच्याच झाडाच्या बिया कागदाच्या पुडीत बांधून एका चाळीसपानी वहीसह त्याच्या हाती दिल्या. पुढे मे महिन्यात मी ती वही पाहिली. तीन पाने भरलेली होती. अक्षर वेडेवाकडे होते, शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. कोपीच्या मागे बी लावल्याचे, बैलाने एक रोप खाल्ल्याचे त्यात लिहिले होते. शेवटची नोंद अशी होती: “आज सहा पानं. उद्या मुक्काम हलणार.” त्या रोपाला फूल आलेले त्याने पाहिले नाही. परंतु ज्या मुलास लिहिता येत नाही असा आपण निर्णय देऊन बसलो होतो, त्याला लिहिण्याजोगे काही मिळाले नव्हते एवढेच खरे होते.

जूनमध्ये तो शाळेत आला, तेव्हा त्याच्या नावाची पाटी वाफ्यात होती. गुलबक्षीचे झाड उन्हाळ्यात वरून वाळते, पण तिचे कंदासारखे मूळ जमिनीत जिवंत राहते. पहिल्या पावसाने त्यातून कोंब निघाला होता. गुरुजींनी फक्त पाटी जपली होती. बाकीचे काम मुळाने केले.

बंधुभगिनींनो, मी आपणांकडून मोठ्या बागेची अपेक्षा करीत नाही. जागा नसेल तर तेलाचे रिकामे डबे, फुटके माठ यांच्या तळाला भोक पाडून घ्यावे. यापुढे मी आपल्या शाळेत येईन तेव्हा कुंड्यांची संख्या विचारणार नाही. कोणत्याही एका मुलास मी म्हणेन, ‘तुझे झाड मला दाखव, आणि त्याविषयी काय लिहिलेस ते वाचून दाखव.’ झाड वाळलेले असले तरी चालेल. ते का वाळले हे त्याला सांगता आले, तर माझा शेरा अनुकूलच राहील.

आपल्यावर कामाचा भार किती आहे, याची मला जाणीव आहे. म्हणून सर्व काही याच वर्षी करा, असे मी म्हणणार नाही. फूल ना फुलाची पाकळी, यंदा एका वर्गाने, एका झाडापासून आरंभ करावा. शाळा उघडण्यास थोडेच दिवस उरले आहेत. आज घरी जाताना वाटेत कोणाच्या परसात गुलबक्षी दिसली, तर घरधनिणीस विचारून मूठभर बी पदरात वा खिशात घालावे, एवढीच माझी विनंती आहे.