दुभंग मतदारांचा की पक्षांचा?



अमेरिकेच्या राजकारणाविषयी बोलताना आपण एक गोष्ट गृहीतच धरतो, की धर्म, कुटुंब, गर्भपात या प्रश्नांवर तो समाज उभा दुभंगला आहे आणि निवडणुकीत तोच दुभंग मोजला जातो. जेम्स डेव्हिसन हंटर यांनी १९९१ साली संस्कृतियुद्धाची ही मांडणी पुस्तकरूपाने केली आणि पुढच्याच वर्षी ह्यूस्टनच्या रिपब्लिकन अधिवेशनात पॅट ब्युकॅनन यांनी तिची रणघोषणा केली. २००४ च्या मतदानोत्तर चाचणीत २२ टक्के मतदारांनी ‘नैतिक मूल्ये’ हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असल्याचे सांगितले, तेव्हा वाद मिटलाच असे अनेकांना वाटले. मला तसे वाटत नाही. दुभंग आहे, पण तो मतदारांपेक्षा पक्षांमध्ये खोल आहे.

२००४ चीच निवडणूक घ्या. समलिंगी विवाहावरील बंदीचे प्रस्ताव मिशिगन आणि ऑरेगनमध्येही मतदानाला होते. दोन्ही राज्यांत बंदी मंजूर झाली आणि दोन्ही राज्यांत जिंकले ते डेमोक्रॅट जॉन केरी. उलट दिशेचा दाखला कॅन्ससचा. २०२० मध्ये ट्रम्प यांना ५६ टक्के मते देणाऱ्या या राज्याने ऑगस्ट २०२२ मध्ये गर्भपाताच्या हक्काचे घटनात्मक संरक्षण काढून टाकण्याचा प्रस्ताव ५९ टक्क्यांनी फेटाळला. मिसुरीत तर नोव्हेंबर २०२४ मध्ये एकाच दिवशी ट्रम्प ५८ टक्के मते घेऊन जिंकले आणि गर्भपाताचा हक्क देणारी दुरुस्तीही, थोडक्या का होईना, बहुमताने मंजूर झाली. प्रश्न पक्षापासून सुटा करून विचारला की उत्तर बदलते, ते असे.

पक्ष तरी मुळात असे कुठे होते? कॅलिफोर्नियाचा गर्भपाताचा कायदा १९६७ मध्ये शिथिल झाला तो गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांच्या सहीने. गर्भपाताला विरोध करणारे पेनसिल्व्हेनियाचे बॉब केसी डेमोक्रॅट गव्हर्नर होते. १९९२ च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात मात्र त्यांना बोलायला मिळाले नाही. दरम्यानच्या पंचवीस वर्षांत नेत्यांची, देणगीदारांची आणि कार्यकर्त्यांची वर्गवारी होत गेली. अवघड मते घेऊन मध्ये उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही घरांत जागा उरली नाही.

यावर आक्षेप येईल की माणसे आपल्या मताविरुद्धच्या पक्षाला मत देतात, म्हणजे ती मते वरवरची आहेत. तसे नव्हे. महागाई, वंश, स्थलांतर, घराण्याची जुनी पक्षनिष्ठा, असे बरेच काही एकाच शिक्क्यात कोंबावे लागते. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: मतदार मवाळ असले तरी परस्परांविषयीचा तिटकारा खराच वाढला आहे. हे मान्यच. पण तिटकारा प्रतिपक्षाच्या माणसांविषयी आहे आणि नैतिक श्रद्धा त्याहून बऱ्याच लवचीक निघाल्या. गॅलपच्या पाहणीत समलिंगी विवाहाला १९९६ मध्ये २७ टक्के पाठिंबा होता. या दशकात तो सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे.

मग मतदार मवाळ असून कायदे कडवे का होतात, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर मिसुरीतच शोधावे. दुरुस्ती मंजूर करणाऱ्या मतदारांनी त्याच मतपत्रिकेवर विधिमंडळात रिपब्लिकन बहुमत कायम ठेवले; आणि मे २०२५ मध्ये त्या विधिमंडळाने ती दुरुस्ती रद्द करण्याचा प्रस्ताव पुन्हा मतदारांपुढे पाठवला.