अजून किती राहिलं, आई?



आज माईकसमोर आम्ही दोघी बसलो आहोत, आई आणि लेक. लेक यंदा सातवीत आहे. बोलायचं काम आईकडे आलंय, पण काय बोलायचं ते दोघींनी मिळून ठरवलंय. म्हणून सगळं बोलणं 'आम्ही'चं.

थंडी सुरू झाली की मुलांना घेऊन डोंगरावर जावंसं वाटतं. पाऊस संपलेला असतो, वाटा कोरड्या असतात, नाताळची सुट्टी असते. आम्हीही तशाच निघालो होतो. कळसूबाईला. अकोले तालुक्यातलं हे शिखर १६४६ मीटर उंच आहे, आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच. आम्ही दोनदा गेलो. पहिल्यांदा माथा गाठला नाही, दुसऱ्यांदा गाठला. पण आज सांगायचंय ते पहिल्या वेळेचं, कारण तेव्हा आमची मोठी चूक झाली होती.

लेक तेव्हा पाचवीत होती. जानेवारी महिना. माथ्यावरून सूर्योदय बघायचा म्हणून बारी गावातून पहाटे तीनला चढायला सुरुवात केली. लेकीच्या अंगात सुती टी-शर्ट, त्यावर शाळेचा स्वेटर आणि खाली जीन्स. गावात तेवढं पुरेसं वाटलं. चढाला लागलो तसं उकडायला लागलं. तिनं स्वेटर काढून कमरेला बांधला. टी-शर्ट घामानं भिजला. आम्हाला वाटलं, बरं झालं, थंडी पळाली.

तासाभरानं तिनं पहिल्यांदा विचारलं, "अजून किती राहिलं, आई?" उत्तर मिळालं, "आलंच की, पाचच मिनिटं." मैत्रिणींनो, हे उत्तर आपण सगळ्याच देतो. बस यायची असली तरी, दवाखान्यात नंबर लागायचा असला तरी. त्या रात्री ते उत्तर चार वेळा दिलं गेलं. चारही वेळा खोटं.

कळसूबाईच्या वाटेवर कातळटप्प्यांना लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. सुट्टीचा दिवस होता, शिडीखाली रांग लागलेली. आम्ही अर्धा तास एका जागी उभ्या राहिलो. चढताना अंगात जी ऊब होती ती गेली, भिजलेला टी-शर्ट अंगाला चिकटून गार झाला, आणि वारा सुटला. स्वेटर परत घातला, पण तो ओल्या कपड्यावरून. हातमोजे नव्हते. शिडीचा दांडा बर्फासारखा.

लेक गप्प झाली. आईला वाटलं, रुसलीय. चिक्की दिली तर तिला कागद उघडता येईना. आईनं वरून रागवून घेतलं, "अगं, एवढं काय नखरे करतेस?" ती काहीतरी पुटपुटली, शब्द नीट कळले नाहीत.

जवळच चहाची टपरी होती. टपरीवरच्या मावशींनी कंदिलाच्या उजेडात पोरीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बाई, रुसली नाही ती. गारठली. बोलणं जड झालंय तिचं. आधी अंगातलं ओलं काढ." त्यांनी आडोशाला घेतलं, ओला टी-शर्ट काढायला लावला, आईच्या पिशवीतली कोरडी ओढणी पोटाला आणि छातीला गुंडाळली, वरून स्वेटर आणि त्यावर स्वतःची घोंगडी. मग गोड चहा, घोट घोट. वीस मिनिटांनी लेक थरथर कापायला लागली, आणि मावशी म्हणाल्या, "आता बरं. आता खाली ने."

माथा फार लांब नव्हता. खरं सांगायचं तर आईच्या मनात तेव्हाही आलं, आता आलोच आहोत तर जाऊन येऊ. हे कबूल करायला लाज वाटते, पण म्हणूनच इथं सांगतोय. सूर्योदय कुणाला बघायचा होता? लेकीला तर सुट्टीत उशिरापर्यंत झोपायचं होतं. आम्ही खाली वळलो. सूर्य उतरतानाच उगवला.

आता दोन शब्द कामाचे. हे आम्ही नंतर एका डॉक्टरताईंना विचारून समजून घेतलं.

मुलांचं वजन कमी, पण त्या मानानं अंगाचा पृष्ठभाग जास्त. म्हणून त्यांच्या अंगातली ऊब आपल्यापेक्षा लवकर निघून जाते. आपल्याला नुसतं गार वाटतं, तेव्हा मूल गारठलेलं असू शकतं. त्यात हजार मीटर वर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, आणि वारा त्यात भर घालतो. सुती कपडा घाम पिऊन घेतो आणि लवकर वाळत नाही. म्हणून सुती नको. आत पटकन वाळणारा खेळाचा टी-शर्ट, त्यावर लोकरीचा स्वेटर, आणि सगळ्यात वर वारा अडवणारं काहीतरी. त्यासाठी नवं जर्किन घ्यायला नको, पावसाळ्यातला रेनकोट चालतो. कानटोपी आणि हातमोजे हवेतच. एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घ्या. चढताना एक कपडा कमी करा, थांबलात की लगेच घाला. थंडीत तहान लागत नाही, तरी पाणी पाजत राहा. गूळ-शेंगदाण्याची चिक्की, तिळाचे लाडू, दशमी असं थोडं थोडं खायला द्या.

मूल गप्प झालं, चिडचिड करू लागलं, हाताला बारीक काम जमेना, पाय अडखळू लागले, बोलणं जड झालं, तर ते नखरे नाहीत. तिथंच थांबा. आडोसा, कोरडे कपडे, पांघरूण. पूर्ण शुद्धीत असेल तरच गरम गोड पेय. हातपाय जोरात चोळू नका, शेकोटीला अगदी चिकटवूनही बसवू नका. आणि कापणं थांबलं पण मूल सुस्त होत चाललंय असं दिसलं, तर ते बरं वाटण्याचं लक्षण नाही. ताबडतोब मदत मागा, १०८ला फोन करा.

त्या दिवशी बारीत ज्या घरी आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली, त्या घरच्या आजींनी लेकीला मांडीवर घेऊन कळसूची गोष्ट सांगितली. कळसू ही कोळ्याची मुलगी. पाटलाच्या घरी कामाला राहताना तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, केर काढीन, भांडी घासीन, याशिवाय दुसरं काम करणार नाही. एकदा घरी पुष्कळ पाहुणे आले आणि पाटलानं तिला इतर कामं लावली. कळसूला राग आला. ती निघाली ती डोंगरावर जाऊन राहिली, खाली आलीच नाही. जिथं तिनं भांडी घासली ती जागा थाळेमेळ, आणि जिथं राहिली तो हा डोंगर.

घरी येताना लेक म्हणाली, "आई, तिनं आधीच सांगितलं होतं ना? मग आपण पण आधीच ठरवून जाऊया."

म्हणून दुसऱ्या वेळी, गेल्या डिसेंबरात, आम्ही अटी ठरवूनच निघालो. वहीच्या कागदावर लिहून दोघींनी सह्या केल्या. पहिली अट, रात्री चढायचं नाही. दुसरी, "अजून किती" याचं उत्तर खरं द्यायचं, मग ते ऐकून रडू आलं तरी. तिसरी, दोघींपैकी कुणीही "पुरे" म्हटलं की थांबायचं. का, कसं, एवढ्यात कसं काय, असलं विचारायचं नाही. आणि चौथी लेकीनं घातली, "लोकांची मुलं बघ कशी चालतात, असं म्हणायचं नाही."

सकाळी सातला निघालो. दुसऱ्या शिडीनंतर प्रश्न आलाच. आई म्हणाली, "अजून दीड तास. एक मोठी शिडी आहे." लेकीनं तोंड वाकडं केलं, दगडावर बसली, म्हणाली, "पुरे." आम्ही बसलो. लाडू खाल्ला. आईनं पिशवी आवरून परत फिरायची तयारी केली, खरंच केली. पंधरा मिनिटांनी लेक उठली आणि वरच्या वाटेला लागली. नंतर विचारलं तर म्हणाली, "तू खरंच परत निघाली होतीस, म्हणून मला जावंसं वाटलं."

माथ्यावर छोटंसं देऊळ आहे. आम्ही दोघींनी हात जोडले. समोर अलंग, मदन, कुलंग, दुसरीकडे भंडारदऱ्याचं पाणी. ऊन होतं, वारा होता, आणि लेकीचे हात गरम होते. आईनं तीन वेळा धरून पाहिले.

उतरताना आईचा गुडघा धरला. तीन वेळा विचारलं तरी आई म्हणत राहिली, "काही नाही गं, ठीक आहे." चौथ्यांदा लेक वाटेत आडवी उभी राहिली. "आई, दुसरी अट." मग आईनं सांगितलं, दुखतंय, खूप दुखतंय. लेकीनं पिशवी घेतली आणि आम्ही दर शंभर पावलांना थांबत उतरलो. गावात पोचायला अंधार पडायला आला होता.

टपरीवरच्या मावशी त्या दिवशी भेटल्या नाहीत. त्यांच्यासाठी नेलेली नवी शाल आम्ही शेजारच्या टपरीवर ठेवून आलो. पुढच्या महिन्यात निरोप आला, मिळाली म्हणून.

मैत्रिणींनो, या सुट्टीत मुलांना घेऊन डोंगरावर जरूर जा. कोरडा जोड घ्या, कानटोपी घ्या. आणि मुलानं विचारलं, अजून किती राहिलं, तर खरं सांगा. शिखर तिथंच आहे, ते पुढच्या वर्षीही असेल.