फोटोखालची ओळ कोण लिहिणार?

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



इंटर्नशिपचा अनुभव दहा मिनिटांत मांड, असं मला सांगितलंय. सगळं सांगत बसणार नाही. दोनच गोष्टी सांगते, कारण त्या आपल्या सगळ्यांच्या आहेत.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मे आणि जून असे आठ आठवडे मी सोलापुरातल्या एका छोट्या संस्थेत काम केलं. ही संस्था विडी कामगारांच्या वस्तीतल्या मुलांना घेऊन नाटक करते. नाटक कुणी लिहून आणत नाही. मुलं गल्लीतल्या गोष्टी गोळा करतात आणि त्यातून प्रवेश उभे राहतात. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या आपली दखनी आणि शाळेत मराठी. तालमीत चारही भाषा चालायच्या.

यंदा मुलींनी आपल्या आयांच्या कामावरच नाटक बसवलं. पान भिजवायचं, फर्मा ठेवून कातरायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर. कारखान्यात विड्या जमा करताना काही खराब म्हणून बाजूला काढतात, तो प्रवेश सगळ्यात रंगला. बाजूला काढलेल्या विडीची मजुरी बुडते, हे प्रत्येकीने घरी पाहिलेलं होतं.

माझं काम मात्र टेबलावरचं. हजेरीपट, पालकांची संमतिपत्रं, चहा आणि रिक्षाची व्हाउचरं, आणि शेवटी देणगीदार कंपनीला द्यायचा अहवाल. 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान 2 टक्के सामाजिक कामांवर खर्च करायचे असतात. त्या कामांच्या यादीत कला आणि संस्कृतीही आहे. आमच्या संस्थेचा पैसा असाच येतो, हप्त्याहप्त्याने. पुढचा हप्ता अहवालावर ठरतो.

पहिली गोष्ट या अहवालाची. कंपनीकडच्या एका अधिकाऱ्यांनी प्रयोगाला आलेल्या बुरख्यातल्या आयांचा फोटो निवडला आणि खाली ओळ सुचवली, ‘प्रथमच घराबाहेर पडलेल्या महिला’. अहो, या बायका वर्षानुवर्षं पिशवीत विड्या घेऊन कारखान्यात जातायत! मी आमच्या समन्वयक ताईंना म्हटलं, ही ओळ मी टाइप करणार नाही. ताई म्हणाल्या, ‘हप्ता अडकू शकतो, हे लक्षात घे. पण आधी त्यांनाच विचारू.’

आम्ही लॅपटॉप घेऊन गल्लीत गेलो आणि ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली. बायका हसायलाच लागल्या. एक खाला म्हणाल्या, ‘मैं घर में बैठी रहती तो चूल्हा कैसा जलता?’ मग त्यांनीच ओळ सांगितली, ‘आमच्या कामावर आमच्या मुलींनी केलेलं नाटक बघताना’. दोघी म्हणाल्या, आमचा फोटो नको. तो फोटो काढून आम्ही दुसरा लावला. अहवाल त्याच ओळीने गेला. माझी इंटर्नशिप संपली त्या दिवसापर्यंत पुढचा हप्ता आलेला नव्हता.

दुसरी गोष्ट सांगणं मला जास्त अवघड जातंय. तालमीत सगळ्यात खणखणीत आवाज एका तेरा वर्षांच्या मुलीचा होता. तिसऱ्या आठवड्यात ती यायची थांबली. आम्ही तीनदा तिच्या घरी गेलो. वडील सभ्य माणूस, प्रत्येक वेळी चहा पाजला. म्हणाले, ‘आता मोठी झाली. लोकांसमोर नको. आपल्यात हे चालत नाही.’ तिचा मोठा भाऊ त्याच नाटकात काम करत होता.

मी म्हटलं, चाचा, आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शीचे महबूब हुसेन पटेल शाहीर अमर शेख झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अख्ख्या महाराष्ट्राने त्यांचा आवाज ऐकला. ते म्हणाले, ‘ते पुरुष होते.’ मग मी त्यांच्या मुलीचं नाव घेतलं. मल्लिका अमर शेख, मराठीतल्या नावाजलेल्या कवयित्री. चाचा गप्प राहिले, पण हो म्हणाले नाहीत. प्रयोग त्या मुलीविना झाला.

बाहेरच्याने लिहिलेली ओळ खोटी होती. आपल्या घरात मुलीला थांबवलं, हे खरं आहे. पहिली गोष्ट सांगताना आपला आवाज चढतो, दुसरी सांगताना तोच आवाज खाली येतो. का येतो, तेही मला कळतं. आपण बोललो तर बाहेरचे त्याचा वापर करतील, ही भीती असते, आणि ती खोटी नाही. पण आपल्या गप्प बसण्याची किंमत ती तेरा वर्षांची मुलगी मोजते. म्हणून दोन्ही गोष्टी एकाच आवाजात बोलायला शिकूया. खोटी ओळ नाकारण्याचा आपला हक्कही त्याने भक्कम होईल.

आता कामाचं. तुमच्यापैकी कुणी अशी इंटर्नशिप घेणार असाल तर आधी तीन गोष्टी विचारा. मानधन किती, आणि ते लेखी देणार का? फुकट राबणं फक्त खात्यापित्या घरच्यांनाच परवडतं. संमतिपत्र आईला वाचता येईल अशा भाषेत आहे का, आणि वाचता येत नसेल तर कोण वाचून दाखवणार? अहवाल शेवटी कोण लिहितं? आणि संधी मिळाली तर हिशेबाचं आणि अहवालाचं काम मागून घ्या. ते कंटाळवाणं आहे, पण आपल्याबद्दल काय लिहिलं जाणार ते तिथेच ठरतं.

त्या मुलीच्या घरी मी पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे. या वेळी तिच्या आईशी निवांत बोलायचंय. सोबत कुणी येणार असेल तर जेवणाच्या सुट्टीत मला भेटा.