दरपत्रक, तुलना आणि वाजवी किंमत
नवी मोटार घेणाऱ्या ग्रामीण ग्राहकासाठी



ग्रामपंचायतीस चार कपाटे घ्यावयाची असोत किंवा शाळेस बाके, खरेदीपूर्वी तीन दरपत्रके मागविण्याची पद्धत गावोगावच्या दप्तरांत रुजलेली आहे. दरपत्रके आली की तुलनात्मक तक्ता तयार होतो. मूळ दर किती, कर किती, वाहतूक किती, पुरवठ्याची मुदत किती, असे रकाने भरले जातात आणि मगच खरेदीचा ठराव होतो. एखादे दरपत्रक कमी पडले, तर लेखापरीक्षणाच्या वेळी त्याचा खुलासा द्यावा लागतो. परंतु ही शिस्त कटाक्षाने पाळणारा ग्रामसेवक, मुख्याध्यापक वा सरपंच जेव्हा स्वतःच्या घरासाठी सात-आठ लाखांची मोटार घेण्यास निघतो, तेव्हा बहुधा तो एकाच विक्रेत्याकडे जातो, एकच आकडा ऐकतो, त्यातून पाच-दहा हजार कमी करून घेतो आणि समाधानाने परततो. सार्वजनिक पैशाबाबत जी दक्षता आवश्यक मानली जाते, ती स्वतःच्या घामाच्या पैशाबाबत का असू नये, हा या भाषणाचा विषय आहे.

अंतराची किंमत

उदाहरणादाखल नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील इस्लापूर हे गाव घ्यावे. पैनगंगेवरील सहस्रकुंडचा धबधबा येथून जवळच आहे. अशा गावात मोटार घेणारे कुटुंब पुष्कळदा पिढ्यांतील पहिलीच मोटार घेत असते. त्यामागे कापसाचे दोन-तीन हंगाम असतात, भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम असते किंवा पाच-सात वर्षांचे कर्ज असते. मोटार पाहण्यासाठी नांदेडला जावे लागते. त्यात दिवस मोडतो आणि शिक्षकाची एक किरकोळ रजा खर्ची पडते. घरची मंडळी, एखादा जाणता शेजारी बरोबर असतो. सायंकाळ होऊ लागली की ‘एवढ्या लांबून आलोच आहोत, तर उरकून टाकावे’ असा विचार मनात येतो. विक्रेत्यासही तो कळतो. शहरातील ग्राहक उद्या पुन्हा येऊ शकतो, ग्रामीण ग्राहकास ते जड जाते. आणि नेमक्या याच ठिकाणी त्याची बाजू दुबळी पडते.

यास्तव पहिले काम गाव सोडण्यापूर्वीच करावयास हवे. एकाच नमुन्याच्या मोटारीचे लेखी, बाबवार दरपत्रक किमान तीन विक्रेत्यांकडून भ्रमणध्वनीवर मागवावे. नांदेडबरोबर लातूर वा परभणी येथूनही ते मागविता येते. मोटार पाहण्यास आणि चालवून पाहण्यास एक दिवस द्यावा आणि त्या दिवशी पैसे भरावयाचे नाहीत, असा निश्चय घरूनच करून निघावे.

‘मिळाली हेच नशीब’ ही जुनी सवय

मोटारीच्या भावाची घासाघीस करणे अनेकांस संकोचाचे वाटते. या संकोचास इतिहास आहे. स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षे देशात मोटारींचा तुटवडा होता. 1959 मध्ये मोटारींच्या वितरणावर व विक्रीवर नियंत्रण आणणारा आदेश निघाला. 1969 मध्ये केंद्र शासनाने मोटारींच्या किमतीच आदेशाद्वारे निश्चित केल्या. मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्ससह उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले. 1971 च्या निकालात न्यायालयाने ‘वाजवी किंमत’ या कल्पनेचा विचार करताना उत्पादकास गुंतवणुकीवर रास्त परतावा मिळणे हेही त्या किमतीचे अंग मानले. पुढे 14 डिसेंबर 1983 रोजी पहिली मारुती ग्राहकाच्या हाती आली. तिच्यासाठीही लोकांनी नोंदणी करून वाट पाहिली. त्या काळी गाडी मिळणे हेच नशीब होते, भाव करण्याचा प्रश्नच नव्हता. आज परिस्थिती उलटी आहे. बहुतेक नमुन्यांच्या गाड्या विक्रेत्याच्या आवारात उभ्या असतात आणि महिनाअखेरीस त्यास विक्रीचे उद्दिष्ट गाठावयाचे असते. परंतु ग्राहकाची सवय मात्र जुनीच राहिली आहे.

एका आकड्यातील अनेक आकडे

विक्रेता जो शेवटचा आकडा सांगतो, त्यास ‘ऑन-रोड किंमत’ म्हणतात. त्यात तीन प्रकारच्या रकमा असतात. काही रकमा कायद्याने ठरलेल्या असतात, काहींबाबत भाव करता येतो, तर काही मुळीच न दिल्या तरी चालतात. या तिन्हींची वेगवेगळी मांडणी म्हणजेच बाबवार दरपत्रक होय.

पहिला आकडा ‘एक्स-शोरूम’ किमतीचा. वस्तू व सेवा कर तिच्यातच अंतर्भूत असतो. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान मोटारींवरील हा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्के झाला आणि त्यावरील भरपाई उपकरही गेला. चार मीटरपर्यंत लांबीची आणि 1200 घनसेंटिमीटरपर्यंत इंजिनाची पेट्रोल मोटार या वर्गात येते. डिझेलसाठी इंजिनाची मर्यादा 1500 घनसेंटिमीटर आहे. म्हणजे सात लाख रुपये एक्स-शोरूम किमतीच्या अशा मोटारीत सुमारे 1 लाख 7 हजार रुपये कराचेच असतात. हा कर पुन्हा वेगळा दाखविला जात असेल, तर ग्राहकाने तेथेच थांबावे.

दुसरा आकडा मोटार वाहन कराचा. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावे घेतलेल्या दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीवर किमतीच्या 11 टक्के एकरकमी कर आहे. सात लाखांवर तो 77 हजार होतो. नोंदणीचे शुल्क 600 रुपये आणि कर्जाचा बोजा नोंदविण्याचे शुल्क 1,500 रुपये आहे. या रकमांत कोणीही सवलत देऊ शकत नाही; परंतु कोणी त्या वाढवूही शकत नाही. कर व शुल्क भरल्याची शासकीय पावती मागून घ्यावी आणि ती दरपत्रकाशी ताडून पाहावी. नोंदणीच्या नावाखाली दरपत्रकात पावतीहून अधिक रक्कम असल्यास तिचे स्पष्टीकरण मागण्याचा ग्राहकास हक्क आहे. मोटार दहा लाखांहून अधिक किमतीची असल्यास एक टक्का आयकर विक्रेता गोळा करतो. तो खर्च नव्हे. विवरणपत्र भरताना ती रक्कम ग्राहकाच्या खात्यावर धरली जाते.

न दिल्या तरी चालणाऱ्या रकमा

यानंतरच्या रकान्यांत खरी तफावत आढळते. ‘हाताळणी शुल्क’, ‘लॉजिस्टिक्स’, ‘आवश्यक साहित्य संच’ अशी नावे दरपत्रकात असतात. ही शासकीय शुल्के नव्हेत. चटया, आसनांची आवरणे, रंगावरील संरक्षक लेप, वाढीव हमी या गोष्टी ग्राहकास हव्या असतील तर त्याने घ्याव्यात. त्या घेतल्याखेरीज मोटार मिळणार नाही असे सांगितले गेल्यास तेच वाक्य लेखी मागावे. पुष्कळदा एवढ्याने प्रश्न मिटतो.

विम्याचेही तसेच. नव्या मोटारीस तीन वर्षांचा त्रयस्थ पक्ष विमा सप्टेंबर 2018 पासून अनिवार्य आहे. त्याचा दर अधिसूचनेने ठरलेला असल्याने तो सर्वत्र सारखाच असतो. परंतु स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा कोणत्या कंपनीकडून घ्यावा, हे ठरविण्याचे स्वातंत्र्य ग्राहकास आहे. एकाच मोटारीसाठी, सारख्याच विमित मूल्यावर दोन-तीन कंपन्यांचे हप्ते मागवून पाहिले की फरक डोळ्यांसमोर येतो. हप्ता कमी दिसावा म्हणून विमित मूल्यच कमी धरलेले नाही ना, हेही पाहावे. नव्या मोटारीचे विमित मूल्य एक्स-शोरूम किमतीच्या 95 टक्के धरण्याचा प्रघात आहे.

सवलत कोणाच्या हाती?

‘कंपनीने ठरविलेली सवलत एवढीच, यापुढे आमच्या हाती काही नाही’ हे उत्तर बहुतेक ग्राहकांनी ऐकलेले असते. या संदर्भात महाराष्ट्राशी निगडित एक प्रकरण जाणून घेण्यासारखे आहे. मुंबई वगळता उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा या विभागात मारुती सुझुकीच्या विक्रेत्यांना ठरलेल्या मर्यादेपलीकडे सवलत देऊ दिली जात नाही, अशी निनावी तक्रार 2017 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे आली. सवलत तपासण्यासाठी ग्राहकाच्या वेषात माणसे पाठविली जात आणि अधिक सवलत देणाऱ्या विक्रेत्यास दंड होई, असे चौकशीत आढळल्याचे आयोगाने नमूद केले. ऑगस्ट 2021 मध्ये आयोगाने कंपनीस 200 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीने त्याविरुद्ध अपील केले आणि दंडाच्या वसुलीस सशर्त स्थगिती मिळाली. अपिलाचा भाग बाजूस ठेवला तरी आयोगाने मांडलेले तत्त्व ग्राहकाने ध्यानी ठेवावे. विक्रेत्यांमधील स्पर्धा हा ग्राहकाचा लाभ आहे आणि तिला बांध घालणे स्पर्धा कायद्यास मान्य नाही. म्हणूनच दुसऱ्या विक्रेत्याचे दरपत्रक पहिल्यासमोर ठेवण्यात ग्राहकाने ओशाळण्याचे कारण नाही.

शासकीय कर्मचारी व शिक्षक यांच्यासाठी काही उत्पादकांच्या स्वतंत्र सवलती असतात. जुने वाहन देऊन नवे घेण्याचीही सवलत असते. विचारल्याखेरीज त्या सांगितल्या जातीलच असे नाही. जी सवलत ठरेल ती देयकावर नोंदवून घ्यावी; तोंडी कबूल केलेली सवलत वाहन ताब्यात घेण्याच्या गर्दीत विसरली जाते.

हप्त्याचा मोह

‘महिना फक्त एवढे’ हे वाक्य किंमत झाकून टाकते. पाच लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे 10,380 रुपये येतो. तेच सात वर्षांसाठी घेतल्यास सुमारे 8,045 रुपये. हप्ता दोन हजारांहून अधिक कमी झालेला दिसतो, परंतु एकूण परतफेड सुमारे 53 हजारांनी वाढते. विक्रेत्याकडून झगडून मिळविलेली सवलत अशा रीतीने व्याजात विरून जाते. यास्तव मोटारीची किंमत आधी ठरवावी आणि कर्जाची बोलणी नंतर, स्वतंत्रपणे, स्वतःच्या बँकेशीही करावीत. कापसाचे पैसे रोख असले, तरी एका व्यवहारात दोन लाख वा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. रक्कम विक्रेता संस्थेच्याच खात्यात भरावी, विक्री प्रतिनिधीच्या वैयक्तिक खात्यात कदापि भरू नये.

दात पाहणे

लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेत जनावर घेणारा शेतकरी प्रथम त्याचे दात पाहतो. वय कळल्याखेरीज भावाचे बोलणे सुरू होत नाही. मोटारीचे दात म्हणजे तिच्या उत्पादनाचा महिना व वर्ष होत. विक्री प्रमाणपत्रात, म्हणजे नमुना 21 मध्ये, त्यांची नोंद असते. गोव्यातील एका ग्राहकाने 2011 ची म्हणून घेतलेली मोटार 2009 ची आणि सहाशेहून अधिक किलोमीटर चाललेली निघाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. उत्पादक आणि विक्रेता हे दोन स्वतंत्र व्यापारी असल्याचे सांगून न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये उत्पादकास जबाबदारीतून मुक्त केले. जबाबदारी विक्रेत्यावर राहिली. यातील बोध असा की, चासी क्रमांक, उत्पादनाचा महिना आणि किलोमीटरचा आकडा या तीन गोष्टी उरलेली रक्कम भरण्यापूर्वी प्रत्यक्ष वाहनावर पाहाव्यात. मागील वर्षाची मोटार घेण्यात गैर काही नाही, मात्र तिचा भाव मागील वर्षाच्या मोटारीचा असावा.

दाद कोठे मागावी?

1974 मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हा ग्राहकासाठी स्वतंत्र कायदा नव्हता. तो 1986 मध्ये आला आणि 20 जुलै 2020 पासून 2019 चा नवा कायदा अंमलात आहे. या कायद्याने ग्राहकास स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली. म्हणजे इस्लापूरच्या ग्राहकाने मोटार पुण्यात घेतली असली किंवा हैदराबादला, तरी त्यास नांदेडच्या जिल्हा आयोगाकडे जाता येते. दिलेला मोबदला 50 लाखांपर्यंत असल्यास प्रकरण जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. पाच ते दहा लाखांपर्यंत ते 200 रुपये आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. त्यापूर्वी 1915 या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर दूरध्वनी केल्यासही अनेक गाऱ्हाणी मार्गी लागू शकतात. परंतु आयोगासमोर कागद बोलतो. ज्याच्याजवळ दरपत्रक, पावती व देयक आहे, त्याचे म्हणणे सिद्ध होते. ज्याच्याजवळ केवळ आठवण आहे, त्याचे अवघड होते.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वाजवी किंमत म्हणजे सर्वांत कमी किंमत नव्हे. विक्रेत्यासही कर्मचाऱ्यांचे पगार, जागेचे भाडे व भांडवलावरील व्याज आहे. त्याचा रास्त नफा मान्य केलाच पाहिजे. ज्या किमतीतील प्रत्येक रुपयास नाव आहे आणि ते नाव ग्राहकास समजलेले आहे, ती किंमत वाजवी होय. दोन हजार अधिक गेले, परंतु कशासाठी गेले हे ठाऊक असले, तर त्यास फसवणूक म्हणत नाहीत.

गावात ज्यांना दरपत्रक वाचता येते, तुलनात्मक तक्ता मांडता येतो, अशी मंडळी म्हणजे शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायतीचे सदस्यच आहेत. शेजारचा शेतकरी ट्रॅक्टर घेण्यास वा त्याचा मुलगा पहिली मोटारसायकल घेण्यास निघाला असता, त्याच्यासमवेत अर्धा तास बसून चार रकाने आखून दिले, तर त्या घरची काही हजारांची पुंजी वाचेल. त्याहून मोठा लाभ असा की, शहरातील काचेच्या दालनात पाऊल टाकताना तो माणूस बुजणार नाही. हातातील कागदावर बोट ठेवून तो विचारील, ‘ही रक्कम कशाची?’