लाकडाचा लगदा आणि आपली मुले



भोसरी-चाकणच्या कारखान्यांतून सुटे भाग बाहेर पडतात ते पुठ्ठ्याच्या खोक्यांतून. त्या खोक्यांना बळ देणारा तंतू मुळात लाकडाचा. रद्दीपासून पुन्हापुन्हा कागद केला की तंतू आखूड होत जातो. म्हणून कोठेतरी नवा तंतू घालावाच लागतो. तो लाकडातून कसा काढतात, ते पाहू.

लाकडातील तंतूंना जखडून ठेवणारे द्रव्य म्हणजे लिग्निन. ते विरघळविण्यासाठी लाकडाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे कॉस्टिक सोडा व सोडियम सल्फाइडच्या द्रावणात, दाबाखाली, सुमारे १६० ते १७० अंश सेल्सिअसला शिजवतात. पूर्वी हे एकेका घाण्याने चाले: भांडे भरा, तापवा, शिजवा, रिकामे करा. नॉर्वेचे अभियंते योहान रिख्टर यांनी २०व्या शतकाच्या मध्यास अखंड पद्धत व्यवहारात आणली. मनोऱ्यासारख्या उंच पात्रात वरून तुकडे सतत पडतात, काही तास आपल्याच वजनाने खाली सरकत भिजतात, शिजतात, तळाशी धुतले जातात आणि लगदा होऊन निघतात. उरलेला काळा द्राव आटवून भट्टीत जाळला की वाफ मिळते आणि रसायनेही परत मिळवता येतात.

तुकडे जाड असले तर आत कच्चे राहतात. भुसा फार झाला तर जाळ्या तुंबतात. पात्राच्या आतले डोळ्यांना दिसत नाही. तापमान, दाब आणि द्रावाचे प्रमाण यांचे आकडे वाचूनच ते ओळखावे लागते.

कागद आपल्या समाजाला परका नाही. चाकणच्या उत्तरेस जुन्नर आहे. तेथील मुसलमान कागदी हाताने कागद करीत. पेशवाईच्या दप्तरांत जुन्नरी कागद वापरला जाई. पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुरा या नावात तो धंदा अजून आहे. पुढे गिरणीचा कागद आला. कागद्यांचे कसब उणे नव्हते. पण गिरणीच्या वेगापुढे हाताचे काम टिकले नाही.

पालकांनो, दहावी होताच मुलाला खोकी भरण्याच्या कामाला लावण्यापूर्वी एवढा विचार करा. आयटीआयमध्ये रासायनिक कारखान्यातील ऑपरेटरचा आणि उपकरण-दुरुस्तीचा अभ्यासक्रम असतो. तंत्रनिकेतनात रासायनिक अभियांत्रिकीची पदविका मिळते. हे शिक्षण कागदाइतकेच औषध आणि रंगांच्या कारखान्यांतही उपयोगी पडते. मुलींनाही ही दारे उघडी आहेत. पहिला पगार दोन-तीन वर्षे उशिरा येईल. पण यंत्र बदलले तरी तुमचे मूल नवे यंत्र शिकू शकेल.